वीतभर अंतरावरून: जुन्या फिल्म कॅमेऱ्याने जवळचे फोटो

जुन्या कॅमेऱ्यांबद्दल आलेल्या पत्रांतून या वेळी फक्त जवळच्या फोटोंबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. उत्तरं वाचताना हाताशी फूटपट्टी ठेवा. या कामात तिचा उपयोग कॅमेऱ्याच्या खालोखाल होतो.

प्रश्न: याशिका मॅट १२४ जी आहे. खालच्या भिंगावर +३ ची क्लोज-अप लेन्स (भिंगापुढे लावायची, जवळचं स्पष्ट करणारी जादा काच) लावून जास्वंदीचा अख्खा रोल काढला. वरच्या काचेत फूल बरोबर मधोमध होतं, पण निगेटिव्हवर ते वर सरकून अर्धं कापलं गेलं. बरेचसे फोटो धूसरही आहेत. कॅमेरा बिघडला आहे का?

कॅमेरा ठणठणीत आहे. या कॅमेऱ्यात वरचं भिंग तुम्हाला दाखवतं आणि खालचं फोटो काढतं. दोघांच्या मध्यबिंदूंत साधारण चार सेंटिमीटरचं अंतर असतं. दहा फुटांवरच्या माणसाला त्याने काही फरक पडत नाही. पण या कॅमेऱ्याचं ८० मिमीचं भिंग अनंतावर ठेवून त्यापुढे +३ लावली, की भिंगापासून ३३ सेंमीवरचं जेमतेम २३ सेंमी रुंदीचं चौकोनी क्षेत्र फिल्मवर येतं. भिंग सर्वांत जवळच्या खुणेवर, म्हणजे एक मीटरवर आणलं, तर तेच क्षेत्र १५ सेंमीच्या आसपास उरतं. पंधरातले चार म्हणजे पाव भागाहून जास्त. तेवढं फूल चौकटीबाहेर जाणारच.

धूसरपणाचं कारण वेगळं आहे. क्लोज-अप लेन्स फक्त खालच्या भिंगावर होती, म्हणजे वरच्या काचेवर तुम्ही जे जुळवलं त्याचा खालच्या भिंगाशी संबंधच राहिला नाही.

एकच क्लोज-अप लेन्स असेल तर असं करा. दोन्ही भिंगांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर पट्टीने मोजा, आमच्या आकड्यावर विसंबू नका. तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा सुताराकडून कापून घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा टेबलावर ठेवून क्लोज-अप लेन्स आधी वरच्या भिंगावर लावा, चौकट आणि फोकस जुळवा. मग फोकसच्या चाकाला हात न लावता लेन्स खालच्या भिंगावर आणा आणि कॅमेरा ठोकळ्यावर चढवा. आता खालचं भिंग नेमकं तिथे आलं जिथे मघाशी वरचं होतं. ट्रायपॉडचा मधला दांडा वर सरकत असेल तर त्यावर चिकटपट्टीच्या दोन खुणा केल्या की ठोकळाही नको. ममिया कंपनीने आपल्या सी मालिकेच्या कॅमेऱ्यांसाठी हेच काम करणारा पॅरामेंडर नावाचा वर-खाली सरकणारा भाग विकला होता. ठोकळा त्याचाच गरीब भाऊ.

कॅमेरा उचलण्याऐवजी नुसता वर कलवू नका. चौकट जुळल्यासारखी वाटते, पण फोकसची पातळी तिरकी होते. फोटो वरून खाली काढत असाल, तर कॅमेरा छताकडे नाही, त्याच्या स्वतःच्या डोक्याच्या दिशेने सरकवायचा. ही चूक फार जण करतात.

बे-१ मापाचा (याशिका मॅटच्या भिंगांवर बसणारा) दोन क्लोज-अप भिंगांचा जुना संच मिळाला तर हा सगळा व्याप वाचतो. त्यातल्या वरच्या भिंगात पाचरीसारखा लोलक असतो, तो नजर खाली वळवतो. त्यावरचा लाल ठिपका वरच्या बाजूला यायला हवा. ठिपका खाली राहिला तर चूक दुरुस्त होण्याऐवजी दुप्पट होते. हा संच लावल्यावर कॅमेरा उचलायचा नाही. एक उणीव तरीही राहते: लोलक चौकट जुळवतो, दृष्टिकोन नाही. फुलामागची फांदी काचेत दिसली तिथेच फोटोत येईल असं नाही.

प्रश्न: झेनिट-ई आणि हेलिओस ४४-२ लेन्स आहे. एक्स्टेन्शन ट्यूबचा, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्यांचा संच घेतला. मोबाइलवरच्या लाइट मीटरने प्रकाश मोजला, तरी जवळचे सगळे फोटो काळे आले. दोन मात्र पांढरेफटक. लॅबवाले म्हणतात, फिल्म जुनी असेल.

आधी निगेटिव्ह उजेडात धरा आणि कडेला छापलेले आकडे बघा. आकडे गडद आणि चित्रं फिकट असतील तर डेव्हलपिंग ठीक झालं आहे, प्रकाश कमी पडला. आकडेही फिकट असतील तर डेव्हलपर कमजोर होता किंवा वेळ कमी दिला. त्याच रोलवरचे तुमचे लांबचे फोटो चांगले आले आहेत असं पत्रात पुढे लिहिलं आहे, त्यामुळे लॅब आणि फिल्म दोघीही सुटल्या.

भिंग फिल्मपासून जितकं दूर जाईल तितका तोच प्रकाश मोठ्या जागेवर पसरतो. लेन्सवरचा एफ/८ हा छिद्राचा आकडा (आकडा मोठा, छिद्र लहान) भिंग आपल्या जागी असतानाचा आहे. नळ्या मध्ये घातल्या की तो खोटा ठरतो. मोबाइलला हे कसं कळणार? झेनिट-ईच्या डोक्यावरच्या सेलेनियम मीटरलाही कळत नाही, कारण तोही लेन्समधून बघत नाही.

हिशेब सोपा आहे. नळीची लांबी भागिले लेन्सचं नाभी-अंतर (लेन्सवर लिहिलेले मिलिमीटर), म्हणजे विवर्धन: वस्तूच्या तुलनेत फिल्मवरच्या चित्राचा आकार. त्यात एक मिळवून वर्ग करा. एक्स्पोजर तितक्या पट वाढवा. नेहमीच्या संचात ७, १४ आणि २८ मिमीच्या नळ्या असतात (तुमच्या मोजून घ्या). ५८ मिमीच्या हेलिओसला, भिंग अनंतावर असताना, ७ च्या नळीने एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) वाढवावा लागतो, १४ ने दोन तृतीयांश, २८ ने एकाहून किंचित जास्त. तिन्ही जोडल्या तर पावणेदोन. त्यावर लेन्सची रिंग अर्ध्या मीटरवर फिरवली की भिंग आणखी सुमारे ९ मिमी पुढे येतं; ४९ अधिक ९ म्हणजे ५८. नळी आणि नाभी-अंतर सारखंच झालं, म्हणजे वस्तू फिल्मवर खऱ्या आकाराची उमटते, आणि एक्स्पोजर चौपट, म्हणजे पूर्ण दोन स्टॉप लागतं. तुम्ही तिन्ही नळ्या लावल्या होत्या. काळ्या फोटोंचं कारण एवढंच.

नळ्या मोजायच्या नसतील तर वस्तूच्या जागी पट्टी धरा आणि व्ह्यूफाइंडरच्या रुंदीत किती मिलिमीटर दिसतात ते बघा. इथे झेनिट-ईची एक खोड लक्षात ठेवा. फिल्मवरची चौकट ३६ × २४ मिमी असली तरी व्ह्यूफाइंडर त्यातला सुमारे २८ × २० मिमीचाच भाग दाखवतो. म्हणून ३६ ला नाही, २८ ला भागायचं. पट्टीचे ५६ मिमी दिसले तर विवर्धन अर्धं, एक्स्पोजर सव्वादोन पट. फोटोत कडेने दिसल्यापेक्षा जास्त जागा येणार, तीही धरून चाला.

आता ते दोन पांढरेफटक. हेलिओस ४४-२ ला ॲपर्चरच्या दोन रिंगा असतात. खटखट वाजणारी रिंग आकडा ठरवते. दुसरी, न वाजणारी, छिद्र प्रत्यक्ष उघडते आणि मिटते. फोकस करताना एफ/२ वर उघडायचं आणि बटण दाबण्याआधी अडेपर्यंत फिरवून मिटायचं. हे राहून गेलं तर एफ/८ ऐवजी एफ/२ वर फोटो निघतो, म्हणजे चार स्टॉप जास्त. त्यातले दोन नळ्यांनी खाल्ले तरी दोन उरतातच. उघडा, जुळवा, मिटा, दाबा: हा क्रम बोटांना सवयीचा होईपर्यंत तोंडाने म्हणावा.

झेनिट-ईचा शटर १/३० च्या खाली थेट ‘बी’वर (बटण दाबून धराल तोवर उघडा) जातो. खिडकीच्या उजेडात मीटर एफ/११ ला अर्धा सेकंद सांगत असेल, तर खऱ्या आकाराला चौपट म्हणजे २ सेकंद झाले. इथे दुसरी वजावट सुरू होते. सेकंदाच्या पुढे फिल्म आळसावते. इलफर्ड एचपी५ प्लसला मोजलेल्या २ सेकंदांचे अडीच आणि १० चे २० द्यावे लागतात. फोमापॅन १०० फारच आळशी: फोमा कंपनीच्याच तक्त्यानुसार १ सेकंदाचे २, आणि १० सेकंदांचे तब्बल ८०. क्रम चुकवू नका. आधी नळीची वाढ, मग आळसाची.

आणखी एक. स्वस्त नळ्या आतून चकचकीत असतात. फोटोच्या मधोमध दुधी डाग दिसला तर आत काळा खरखरीत कागद गोल करून बसवा. त्याला गोंद लावू नका, कागद स्वतःच्या ताणाने बसतो.

प्रश्न: याशिका इलेक्ट्रो ३५ या रेंजफाइंडरने (भिंगातून नाही, वेगळ्या खिडकीतून बघायचा कॅमेरा) ०.८ मीटरहून जवळचं काही निघत नाही. काही उपाय?

आहे, आणि तो व्ह्यूफाइंडरकडे पूर्ण दुर्लक्ष करण्याचा आहे. या कॅमेऱ्याला ५५ मिमी फिल्टरचे आटे असलेली +३ क्लोज-अप लेन्स लावा, भिंग अनंतावर ठेवा. आता क्लोज-अप लेन्सपासून ३३ सेंमीवरची वस्तू स्पष्ट येईल, आणि ४५ मिमीच्या भिंगामुळे तिथे साधारण २७ × १८ सेंमीची चौकट फिल्मवर मावेल.

जाड गॅल्व्हनाइज्ड तारेची चौकट वाकवा, मोजमापापेक्षा सगळीकडून अर्धा सेंटिमीटर मोठी, म्हणजे तार फोटोत येणार नाही. दोन तारा मागे आणून ट्रायपॉडच्या स्क्रूने कॅमेऱ्याच्या तळाशी पट्टीवर घट्ट करा. चौकटीच्या पातळीत वस्तू आली की दाबायचं, बघायचं काही नाही. फिल्म घालण्याआधी एकदा खात्री करा: मागचं झाकण उघडून फिल्मच्या रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, ‘बी’वर केबल रिलीजने शटर उघडा धरा आणि कागदावरचं चित्र भिंगाने तपासा. चौकट डावी-उजवी सरकलेली असेल तर तारच वाकवा. एफ/११ वर सुमारे ४ सेंमी खोलीपर्यंत स्पष्टता मिळते, त्यामुळे तारेतली दोन-चार मिलिमीटरची चूक पोटात जाते. +१० च्या मागे मात्र लागू नका. तिथे ही सूट संपते.

क्लोज-अप लेन्स प्रकाश खात नाही, म्हणून कॅमेऱ्याचं स्वयंचलित एक्स्पोजर जसं आहे तसं चालतं. फक्त मीटरची खिडकी लेन्सच्या वर, वेगळी आहे. तिच्यासमोर बोटं आणू नका.

प्रश्न: कासच्या पठारावर पेंटॅक्स के-१००० घेऊन जायचं आहे. सीतेची आसवं आणि दवबिंदू या दोन वनस्पतींचे फोटो हवेत. मागच्या वर्षी ५० मिमी लेन्स आणि नळ्यांनी काढलेल्यांत एकही धड स्पष्ट नव्हता.

के-१००० लेन्समधून प्रकाश मोजतो, म्हणजे वरच्या उत्तरातला वर्गाचा हिशेब तुम्हाला करावा लागत नाही. ज्यांनी जवळचं काम नुकतंच सुरू केलं आहे त्यांना आम्ही हाच किंवा असाच कॅमेरा सुचवू. तुमची अडचण खोलीची आणि वाऱ्याची आहे.

सीतेच्या आसवांचं फूल सेंटिमीटरच्या आसपास. अर्ध्या विवर्धनाला एफ/८ वर स्पष्टतेची खोली जेमतेम ३ मिमी असते, एफ/१६ वर पावणेसहा. खऱ्या आकाराला एफ/८ वर तर एकच मिलिमीटर. श्वास घेतला तरी शरीर त्याहून जास्त हलतं. म्हणून आधी हाव कमी करा: पाव विवर्धनावर थांबा, तिथे एफ/८ लाही साडेनऊ मिमी मिळतात. एकच फूल चौकटभर घेण्यापेक्षा चार फुलांचा झुबका घ्या. पठारावर ती दाटीनेच असतात, दिसायलाही ते खरं वाटतं.

फोकस रिंगने जुळवू नका. नळ्या लावल्यावर रिंग फिरवून फारसा फरक पडत नाही. रिंग एका जागी ठेवून अख्खा कॅमेरा पुढे-मागे करायचा. मधल्या सूक्ष्म लोलकांच्या गोलात अंधार दाटला तर तिकडे बघूच नका, भोवतीच्या साध्या काचेवर जुळवा. दवबिंदूच्या पानाची लांबी फिल्मला समांतर ठेवा. त्याच्या चिकट थेंबांची चमक सूर्य वनस्पतीच्या मागे किंवा मागच्या कोपऱ्यात असताना दिसते. समोरून उजेड आला की ती वनस्पती नुसती लालसर गवत वाटते.

ढगाळ दिवशी आयएसओ ४०० फिल्मवर अर्ध्या विवर्धनाला एफ/११ वर १/६० च्या आसपास आकडा येईल. डुलत्या फुलाला तो कमीच. सकाळी लवकर, वारा उठायच्या आत काम उरका. वाऱ्याच्या बाजूला छत्री आडवी धरा, झुळूक थांबण्याची वाट बघा. दोन झुळकांच्या मध्ये एखादा सेकंद फूल निश्चल असतं. ५० मिमी लेन्सने अर्ध्या विवर्धनाला भिंगापासून फूल १५ सेंमीवर येतं, आणि तेवढ्या जवळ जाताना छत्री, कोपर, गुडघा सगळं पठारावर टेकतं. १०० मिमीची लेन्स असेल तर तेच अंतर ३० सेंमी होतं (नळीही दुप्पट, ५० मिमी, लागते). वाटेवरून हात पोचेल तेवढंच फूल तुमचं. आत पाय टाकून मिळणारा फोटो आम्हाला छापायला पाठवू नका.

प्रश्न: आजोबांच्या संग्रहातल्या शिवराई नाण्यांच्या नोंदी फिल्मवर करायच्या आहेत. अक्षरं उठून दिसत नाहीत, आणि एक बाजू नेहमी धूसर येते.

एक बाजू धूसर म्हणजे कॅमेरा नाण्याला समांतर नाही. पाणसळीपेक्षा आरसा बरा. नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि व्ह्यूफाइंडरमधून बघा. तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या अगदी मध्यावर येईपर्यंत कॅमेरा कलवा. मग आरसा काढून नाणं ठेवा. वर दिलेल्या हिशेबाने खऱ्या आकाराला चौकट २४ मिमी उंच. वीसेक मिलिमीटरचं नाणं तीत आरामात बसतं.

झिजलेली अक्षरं उजेडाच्या कोनाने वाचता येतात. एकच दिवा घ्या आणि तो टेबलाच्या पातळीपासून फार तर पंधरा-वीस अंश वर, नाण्याच्या डोक्याच्या बाजूला ठेवा. समोरच्या बाजूला पांढऱ्या कागदाचा तुकडा उभा करा, सावल्या काळ्याठिक्कर होणार नाहीत. दिवा खालच्या बाजूने लावलात तर उठावाची अक्षरं खोदल्यासारखी दिसतात, नजर फसते. मग नाणं जागेवरच थोडं थोडं फिरवून बघा, एखाद्या कोनात ‘श्री राजा शिव’ एकदम वर येतं. नाणं बाटलीच्या बुचावर चढवलं की मागचा कागद फोकसबाहेर जातो आणि कडेची सावली नाहीशी होते.

मीटरला नाणं दाखवू नका, काळपट तांबं त्याला फसवतं. नाण्याच्या जागी आपला तळहात धरा, आकडा घ्या आणि एक स्टॉप जास्त द्या. तळहात मीटरच्या करड्यापेक्षा साधारण तेवढा उजळ असतो. पिवळ्या बल्बखाली रंगीत डेलाइट फिल्म नारिंगी येते, तेव्हा खिडकीचा उजेड नाहीतर कृष्णधवल फिल्म. एफ/८ किंवा एफ/११ वापरा. खऱ्या आकाराला एफ/१६ प्रत्यक्षात एफ/३२ होतो आणि सगळंच किंचित मऊ पडतं. आणि चिंच लावून नाणी चकचकीत करण्याचा मोह टाळा. नोंद म्हणून त्या नाण्याची किंमत त्याच क्षणी कमी होते.

थोडक्यात काही

लेन्स उलटी लावून चालते का? चालते. फिल्टरच्या आट्यांत बसणारी रिव्हर्स रिंग घ्या. ५० मिमी लेन्स उलटी लावली की जवळपास खऱ्या आकाराचं चित्र येतं. २८ मिमीने त्याच्या दुप्पट. फोकसचं अंतर ठरूनच जातं. मागचं नाजूक भिंग आता उघड्यावर असतं, त्याला ओरखडा पडला तर लेन्स गेली.

याशिका मॅटचा मीटर जास्त उजेड दाखवतो. पाऱ्याचे १.३५ व्होल्टचे पीएक्स-६२५ सेल आता निघत नाहीत आणि दुकानदार देतात तो अल्कलाइन १.५ व्होल्टचा. त्यावर काटा जास्त चढतो, म्हणून फोटो काळे. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो. भोवती रबरी कडी घालून बसवा. चिकटपट्टी काढल्यापासून तो काही आठवडेच टिकतो.

क्लोज-अप लेन्स मिळत नाही. चष्म्याच्या दुकानात जा. +२ किंवा +३ नंबरचं चाळिशीचं न कापलेलं भिंग मागा आणि जुन्या फिल्टरच्या रिंगच्या मापात गोल घासून घ्या. फुगीर बाजू वस्तूकडे. कडा मऊ येतात, एफ/११ ला बऱ्याच सुधारतात. दोन भिंगं एकावर एक लावायची तर जास्त नंबरचं कॅमेऱ्याकडे.

फ्लॅशने सगळं पांढरं होतं. २० गाइड नंबरचा (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा; त्याला मीटरमधल्या अंतराने भागलं की एफ आकडा मिळतो) फ्लॅश २५ सेंमीवरून उडवला तर आयएसओ १०० ला एफ/८० हवा. तो कुठून आणणार? फ्लॅश वायरने काढून ८० सेंमीवर न्या. २० भागिले ०.८ म्हणजे एफ/२५. खऱ्या आकाराचे दोन स्टॉप वजा केले की लेन्सवर एफ/१२ च्या आसपास, म्हणजे एफ/११. शटर झेनिट-ईला १/३० वर, के-१००० ला १/६० वर. याशिका मॅटला कुठलाही वेग चालतो, फक्त फ्लॅशचा खटका ‘एक्स’ खुणेवर हवा.

आग्फा क्लिक-थ्रीने जवळचं निघेल? फोकस न बदलणाऱ्या पेटी कॅमेऱ्याचं भिंग सर्वसाधारणपणे ३ ते ५ मीटरवर बसवलेलं असतं. त्यापुढे +१ चं भिंग चिकटपट्टीने लावलं की ते पाऊण मीटरच्या थोडं पुढे येतं. तेवढ्या लांबीची सुतळी कॅमेऱ्याला बांधा आणि ताणून अंतर मोजा. व्ह्यूफाइंडर भिंगाच्या वर असल्यामुळे चौकटीत वरच्या बाजूला बोटभर जागा सोडा.